रडण्याचा पारखी

झिले,
द्राक्षांची काकवी कढायला लागली तो आठवडा

चिरंजीव नजमी,

आधी देवाचा सलाम, त्यामागून माझा. तुझ्या दोन्ही डोळ्यांचा मुका घेतो. गुडघा कसा आहे? जिने चढतोस की अजून लिफ्टवाल्या घराचाच हट्ट आहे? तुझ्या सूनबाईला आशीर्वाद. आमची चौकशी करशील तर तुझी वहिनी हाजेर ठणठणीत आहे, म्हणजे सकाळपासून माझ्यावर ओरडते आहे. तिची साखर वाढली आहे, पण काकवीला ती साखर मानत नाही. अंगणातली तुती यंदा कुत्र्यासारखी झडली, तरी जिवंत आहे. मीही तसाच.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर काय लिहिलंस? ‘रुस्तम उस्ता, सुंतावाले (निवृत्त)’. कारागिराला उस्ता म्हणतात, थोरल्या भावाला आबी, हे जर्मनीत कोलोनचं पाणी पिऊन विसरलास का? आत चार ओळी. तुझा नातू ताय्लान सात वर्षांचा झाला, त्याची सुंता तिकडच्याच दवाखान्यात उरकणार, सोहळा नाही, आणि कारण काय, तर ‘तुमचा हात मला अजून आठवतो’. त्याच्या बापाच्या वेळीही तू हेच केलंस आणि मी गप्प बसलो. या वेळी बसणार नाही. आपलं पोर आपल्या अंगणात पांढरा पोशाख घालून, छातीवर ‘माशाल्ला’चा पट्टा लावून मिरवलं पाहिजे. हे पत्र वाचून झालं की तिकीट तूच काढशील. (फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.) आता तुझ्या भावाच्या विजयाची हकीकत ऐक, आणि बसून ऐक.

गेल्या महिन्यात इस्पितळाची गाडी आपल्या दारात थांबली. आतून एक चुणचुणीत पोरगी उतरली. नाव निल्ग्यून, भूल देणारी डॉक्टर. म्हणाली, “उस्ता, शाळा उघडायच्या आत नगरपालिका छत्तीस पोरांची सुंता एकदम करते आहे. तुमच्याशिवाय जमायचं नाही.” नजमी, हे वाक्य परत वाच. सरकारी नियमानं माझी सुंतेच्या हत्यारांची पेटी बंद झाली त्याला किती वर्षं झाली, आणि आता सरकारच दारात! मी पुढचं काही ऐकलंच नाही. (पुढचं ऐकायला हवं होतं.) ठरल्या दिवशी दाढी केली, लग्नातला कोट चढवला, अब्बांची ती पेटी पुसून तिला तेल दिलं, आणि गेलो. दारावरच्या पहारेकऱ्यानं पेटी उघडायला लावली. उघडली तसा तो दोन पावलं मागे सरला. मग तुर्गुत बे म्हणून तिथले शस्त्रक्रियेचे डॉक्टर आले, त्यांनी पेटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, ही तेवढी बाहेर ठेवा. तेव्हा मला कळलं की त्यांना माझा हात नको होता. कान हवा होता.

झालं होतं असं. पोराला भुलीच्या मुखवट्यानं हलकं झोपवलं की दुखणं मारायच्या सुईच्या दोन जागा असतात. एक पाठीमागून, माकडहाडाच्या वर. तिनं कमरेखालचं सगळंच बधिर. दुसरी पुढून, जिथलं काम तिथल्याच नसांपाशी. तिनं तेवढाच भाग बधिर. निल्ग्यूनला ताडून पाहायचं होतं की कुठल्या सुईनं पोराला जास्त वेळ आराम पडतो आणि कुठल्या सुईनं ते लवकर उभं राहतं. आईबापांच्या सह्या घेऊन, चिठ्ठ्या टाकून अठरांना ही, अठरांना ती. इथवर सरळ. पण शुद्धीवर आलेल्या पोराला किती दुखतंय हे सांगायचं कुणी? परिचारिका आत होत्या, त्यांना सुई कुठली ते माहीत. आयांना विचारावं तर प्रत्येकीचं पोर मरणाच्या दारात. आणि पोरांचं तर तुला ठाऊकच आहे. सुंतेच्या पलंगाशी जो येतो तो भेट घेऊन येतो, आणि जास्त विव्हळणाऱ्याला मोठी भेट मिळते, हे आपल्याकडं दुधाच्या दातांपासून कळतं. म्हणून तिला असा माणूस हवा होता, ज्याला सुई कुठली ते ठाऊक नाही, पण रडणं कशाचं ते ठाऊक आहे. माझ्या कानाबद्दल तिला कुणी सांगितलं म्हणशील, तर मीच. चहाच्या दुकानात, सगळ्या गावाला, वर्षानुवर्षं.

तरी पोरगी पक्की. आधी परीक्षा घेतली. मुलांच्या वॉर्डात पडद्यामागं बसवलं आणि म्हणाली, सांगा. मी सांगितलं, हा भुकेला आहे. हिला आईचा फोन हवा आहे. याला शू लागली आहे आणि सांगायची लाज वाटते आहे. तिन्ही बरोबर! चौथ्याला म्हटलं, याला काही होत नाही, आडमुठा आहे, लक्ष दिलं नाही की आपोआप थांबेल. ते तुर्गुत बे फोनवर बोलत होते. निल्ग्यून इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली, आणि माझी नेमणूक तिथल्या तिथं झाली. अंगात पांढरा कोट, हातात तक्ता, खिशाला नावाची पट्टी. (कोट परत द्यायचा होता. दिला नाही.)

खऱ्या दिवशी त्यांनी मला दालनाच्या तोंडाशी खुर्ची दिली. आणि काय सांगू तुला, काय तो मान! मला पाहताच गावातले मिशाळ बाप्ये एकेक करून उठून उभे राहिले. सगळ्यांनी दोन्ही हात पुढं बांधले. खाटीक इस्मेत, जो रोज चार बकरे सोलतो, तो तर मला पाठ दाखवायची नाही म्हणून मागं मागं सरत चाकाच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि खुर्ची त्याला घेऊन थेट औषधांच्या खिडकीपर्यंत गेली. या सगळ्यांच्या सुंता माझ्या हातच्या, बरं का. पण मग बापांचे चेहरे बघून पोरांनी विचारलं की हा आजोबा कोण, कुणीतरी सांगितलं, आणि ज्यांना अजून सुईही लागली नव्हती अशी अकरा पोरं एका सुरात सुरू झाली. निल्ग्यून धावत आली. तिनं मला खुर्चीसकट उचलून पडद्यामागं ठेवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, आदर आहे लोकांना माझ्याबद्दल. ती म्हणाली, “हो उस्ता, बाहेरपर्यंत ऐकू येतोय.”

पण पडद्यामागं मी जे काम केलं, ते अब्बांनी पाहायला हवं होतं. एकेक पोर शुद्धीवर यायचं आणि मी तक्त्यावर मांडायचो. सहा नंबर, नवा बूट चावतो आहे. नऊ नंबर, आजी सायकल आणते म्हणाली होती आणि फुगा घेऊन आली. तेरा नंबर, उपाशी आहे, बाहेर कबाबाचा वास सुटला आहे. वीस नंबर, भावाला मोठी गाडी मिळाली. एकविसावा गप्प होता, पण विसाव्याला गाडीपायी रडताना पाहून त्यानं विचार केला आणि मग सुरुवात केली. परिचारिकेनं एकविसाव्याला गोळी द्यायला घेतली. मी पडद्याबाहेर हात काढून म्हटलं, थांब पोरी, याला गाडी दे. गाडी आली. आवाज बंद! त्यानंतर दालनातल्या सगळ्याजणी गोळीला हात लावण्याआधी पडद्याकडं बघायला लागल्या.

संध्याकाळी चिठ्ठ्या उघडल्या. पाठीच्या सुईवाल्यांना आराम जास्त वेळ टिकला, पण त्यांचे पाय जड, मिरवणुकीला बापांच्या खांद्यावरून जावं लागलं. पुढच्या सुईवाल्यांचा असर थोडा आधी उतरला, तेवढ्यात सरबत पोचलं आणि ती पोरं आपल्या पायांनी घोड्यापर्यंत गेली. निल्ग्यून म्हणाली, छत्तीस पोरांवरून छाती ठोकून काही बोलता येत नाही, अजून पुष्कळ पाहावं लागेल, तुम्ही एवढ्यात गावभर सांगू नका. मी फक्त चहाच्या दुकानात सांगितलं. आता तिथं दोन तट आहेत, पाठवाले आणि पुढवाले, आणि बावन्न वर्षांचा न्हावी सत्तर वर्षांच्या इमामाशी नसांवरून भांडतो. नगराध्यक्षांनी चौकात मला उभं केलं. निल्ग्यूननं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की आज इस्पितळातलं सगळ्यात अचूक यंत्र म्हणजे रुस्तम उस्ता, आणि तिच्या लेखाच्या शेवटी माझं नाव छापून येणार आहे. टाळ्या वाजल्या. इस्मेतनंसुद्धा वाजवल्या. (एका हातानं मांडीवर. दुसरा हात पुढंच होता.) हाजेर रडली. तिचं रडणं आनंदाचं होतं, मी तपासलं.

एक किरकोळ गोष्ट राहिली. तक्त्यात शेवटचा रकाना होता, ‘वेदनेचं रडणं’. तो वरपासून खालपर्यंत कोरा पाहून निल्ग्यून म्हणाली, उस्ता, हा भरायचा विसरलात का? मी म्हटलं, नाही, तसं रडणं आज आलंच नाही. ती म्हणाली, तुम्हाला ते नक्की ओळखू येतं ना? मी म्हटलं, “पोरी, तेच तर मला सगळ्यात पाठ आहे.” त्यावर तिनं माझ्यासाठी चहा सांगितला. मी साखर न घालताच प्यायलो.

तर असा हा विजय. आता तूच ठरव, जर्मन दवाखान्यात असा कान आहे का? लहानांना आशीर्वाद, थोरांना सलाम, आणि पाकिटावर पुढच्या वेळी नीट लिही.

तुझा आबी,
रुस्तम

ता. क. – कबाबाला इस्मेतला सांगून ठेवलं आहे. हाजेरनं पांढऱ्या पोशाखाचं कापड आणलं आहे, ताय्लानच्या खांद्याचं माप कळव. पाठ की पुढं, ते निल्ग्यून ठरवेल, तू आणि मी नाही.

ता. ता. क. – मी हात लावणार नाही. पेटी रिकामी केली, हाजेर तीत भाजलेले चणे ठेवते. मला फक्त त्याचा किर्वे होऊ दे, सुंतेच्या वेळी पोराला धरणारा मानकरी. मुखवटा लावेपर्यंत मांडीवर घेऊन बसेन, बस्स.

शेवटचं, आणि हे तुझ्या सूनबाईला वाचून दाखवू नकोस. मी चौदा वर्षांचा होतो, तू सात. अब्बांनी माझा हात पहिल्यांदा तुझ्यावर बसवला. रडणं दडावं म्हणून ढोल जोरात वाजत होता. तू रडलास तेव्हा अब्बांनी विचारलं, दुखतंय का रे त्याला? मी म्हटलं, नाही, नुसता घाबरलाय. नजमी, मला तेव्हाच कळलं होतं ते कशाचं आहे. ते रडणं मी तुझ्याकडून शिकलो, आणि पुढं हजारो वेळा ऐकून प्रत्येक बापाला हेच सांगितलं की घाबरलाय. माझी चूक झाली. माफ कर.

ताय्लानच्या वेळी ढोल सांगितलेला नाही. काही ऐकू आलं तर सगळ्यांना ऐकू येऊ दे.