वैशाखात आटलेला समुद्र

अण्णा,

अजून डोळ्यांपुढे आहे : दुपारची गाडी गेली आहे, हॉटेल रिकामं आहे, मी कांद्याच्या साली गोळा करते आहे आणि तुम्ही मांडीवरची वही मिटून मला विचारता, "माय, नारळ झाडाला कसा लागतो वं?" मला तरी कुठे ठाऊक होतं! हिंगोली स्टेशनासमोर चहा-भजी विकता विकता तुम्ही बेटावरच्या हॉटेलाची विनोदी कादंबरी लिहीत होता. समुद्र कधी पाहिलेला नव्हता. नारळ पाहिला तो बाजारातला, सोललेला. म्हणून तुमच्या बेटावर झाडाझाडाला शेंडी राखलेले नारळ लोंबत आणि गोऱ्या साहेबाच्या आमटीत पडत.

सकाळपासून चार वेळा लिहायला बसले आणि उठले. परवा माझं ऑपरेशन आहे. काल कपाट आवरायला घेतलं, त्यात तुमची ती वही हाती लागली. मग कपाट तसंच राहिलं. दोनदा दार लावून आले, दोन्ही वेळा ते लावलेलंच होतं.

त्या सुट्टीत मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटातून घरी आले होते. वय तेरा, कंपासपेटीत लाल पेन्सिल, आणि सगळं येतं असा समज. तुम्ही शेवटचं प्रकरण वाचून दाखवत होता. हॉटेलाची एकुलती एक नाव घेऊन आचारी कोथिंबीर आणायला गेला तो गेलाच. गिऱ्हाईकं बेटावर अडकलेली, मॅनेजरला शिव्या देऊन राहिलेली. मग वैशाख येतो. आपल्या कयाधू नदीसारखा समुद्र आटतो आणि सगळे वळकट्या डोक्यावर घेऊन रांगेनं पायी घरी निघतात. मागून मॅनेजर किटली घेऊन पळतोय, "अहो, चहा तरी घेऊन जा!" हळदीच्या अडतीवरचे चाचा रोज आपल्याकडे चहाला यायचे. ते डोळे पुसत म्हणाले, "हौ मियाँ, बराबर लिखे. बैसाख में पानी कायकू ठैरेंगा?"

मी म्हणाले, "अण्णा, समुद्र आटत नाही. आमच्या सिस्टर हसतील." आणि तुमच्या हातातून वही घेऊन पानावर लाल फुली मारली.

तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. "न्हाई आटत?" एवढंच विचारलंत. "मग माझी मान्सं घरी जातील कशी?" चाचा माझ्याकडे बघत म्हणाले, "बेटी, जाने दो ना उनको." पण तुम्ही वही साखरेच्या डब्याखाली सरकवलीत आणि चुलीत लाकूड घातलंत. पुढच्या सुट्टीत आले तेव्हा डब्याखालच्या वहीवर मुंग्या होत्या. मी विचारलं, "काहून लिहीत नाही?" तुम्ही म्हणालात, "सुचून न्हाई राहिलं, माय." त्यानंतर दंगलींच्या गडबडीचं साल आलं, हॉटेलाच्या फळ्या लागल्या, आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही तापानं गेलात.

जे कुणालाच सांगितलं नाही ते आता लिहिते. तुम्ही जाण्याच्या आदल्या वर्षी सिस्टर आम्हाला समुद्रावर घेऊन गेल्या होत्या. सकाळी समोर बेट होतं, मध्ये पाणी. दुपारी ओहोटी लागली आणि पाणी मागे गेलं, पार गेलं. डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं बेटावरून रांगेनं चालत आली. एका बाईच्या हातात किटलीसुद्धा होती. मी तिथेच वाळूत बसले. कॉन्व्हेंटात दर रविवारी घरी पत्र लिहिण्याचा तास असे. त्यानंतरचे कितीतरी रविवार मी तुम्हाला हवापाणी आणि परीक्षेचे मार्क कळवत राहिले. समुद्राचं एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर फुली चुकली हे कबूल करावं लागलं असतं.

ती फुली काल रबरानं खोडून पाहिली. कागद फाटायला लागला म्हणून थांबले. मग खाली मीच शाईनं लिहिलं आहे : आटतो, मी पाहिला आहे.

आता हे पत्र ज्याच्या हाती लागेल त्याच्यासाठी : मी घरी परत आले नाही तर पितळेची किटली माझ्या धाकट्या बहिणीला द्यावी, तिच्या चहाला अजून आपल्या हॉटेलाची चव आहे. माझी पुस्तकं शाळेला. वही मात्र चाचांच्या नातीकडे हिंगोलीला पोचवावी. तिनं ती चार माणसांत मोठ्यानं वाचावी, फुलीपाशी न थांबता, सगळे घरी पोचेपर्यंत. हे पत्र त्याच पानात राहू द्यावं.