नोंद घेतली

१० नोव्हेंबर, सोमवार

सहा वर्षांचं काम, आणि नाव नसलेल्या कोणीतरी दहा ओळींत त्याची माती केली!

यशदीपनं सकाळी लिंक पाठवली. रायपूरच्या एका ग्रुपवरची पोस्ट. ‘सांजसोबत’ म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला घरोघरी बायका पाठवते, पण त्या घरांत बायकांचं काय होतं ते विचारत नाही. एका घरातला म्हातारा अंगचटीला येतो. तिथं कामाला जाणाऱ्या मुलीनं तक्रार केली, तर कंपनीनं दुसरी मुलगी त्याच घरी पाठवली. ‘मालकीण मात्र सत्कार घेत फिरते.’

मालकीण! बाबा दोन वर्षं अंथरुणावर होते तेव्हा त्यांचं सगळं या हातांनी केलं. त्यातूनच तर कंपनी निघाली.

“खोटं आहे,” मी यशदीपला म्हटलं. तो दुसऱ्याच कामाचं बोलायला लागला. भागीदार आहे — हो तरी म्हणावं!

११ नोव्हेंबर

उत्तराचे चार मसुदे. एकात वकिलाची धमकी, एकात आमच्या बायकांचे हसरे फोटो. सगळ्यात चांगला आईला वाचून दाखवला.

“लिहिलं तर झकास. पण ते खरं हाय का खोटं, हे कुठं हाय यात?”

“तुले मायावर विश्वास नाही काय?”

“तुयावर हाय. तू त्या घरी गेली होती काय?”

जेवले नाही.

१२ नोव्हेंबर

कोणी लिहिलं? दिवसभर तेच. शेवटी कलावतीला ऑफिसात बोलावलं. पहिल्या दिवसापासूनची बाई, सगळ्या जणी तिचं ऐकतात. सरळ विचारलं — “तूने लिखा क्या?”

ती उभीच राहिली. “मोला लिखे ला नइ आवय, दीदी.”

लिहिताच येत नाही तिला. सहा वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

दारातून वळून म्हणाली, “पूछना था तो ये पूछतीं, कि सच है क्या.”

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीच्या अ‍ॅपवरच्या जुन्या तक्रारी काढल्या. सापडली. मार्चमधली. सदर बाजारातलं घर. पाठवणारी सुनीती.

‘ताई, तिथले अंकल बरे नाहीत. हात धरतात. मले तिथं नाही जायचं.’

खाली माझं उत्तर — ‘नोंद घेतली. बदली करते.’

केली बदली. सोमवारपासून त्याच घरी अनुश्री. एकोणीस वर्षांची. दोन महिन्यांत काम सोडून गेली. कारण लिहिलंय ‘घरगुती’. आता तिथं तिसरी जाते.

त्या दिवशी मी काय करून राहिली होती? कितीही आठवलं तरी आठवत नाही. तेच जास्त लागतंय.

१४ नोव्हेंबर

सुनीती आता पंडरी बाजारात कापडाच्या दुकानात आहे. ठाण उलगडत होती. मला पाहिलं आणि हात थांबले.

“मी नाही लिहिलं, ताई!”

पहिलं वाक्य हेच. मी म्हटलं, ते विचारायला नाही आले. माझं चुकलं, हे सांगायला आले.

तिनं ठाण परत गुंडाळायला घेतलं. मग हळूच — “तेव्हा एक फोन तरी करायचा होता ना तुम्ही. मले वाटलं, माईच काही चूक असंल.”

गिऱ्हाईक आलं. ती कापड दाखवायला वळली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सदर बाजारच्या घरी स्वतः गेले. सांगितलं — आजपासून आमची बाई येणार नाही, आणि का येणार नाही तेही. सुनेनं तोंडावर दार लावलं.

घरी येऊन त्या पोस्टखाली माझ्या नावानं लिहिलं. ‘हे खरं आहे. तक्रार मी वाचली होती आणि तरी दुसरी मुलगी तिथंच पाठवली. चूक माझी. त्या घरचं काम बंद केलं. लिहिणाऱ्याला कोणी शोधू नये, मीही शोधणार नाही.’

यशदीपचा फोन. “सब खतम कर दिया तूने.”

असेल. पण पाच दिवसांनी पोटभर जेवले. एक घर, एक चूक. कबूल केली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बूढापारा भागातल्या आमच्या ऑफिसात पोचले तर कामावरच्या नऊ जणी बसलेल्या. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. एकेकीला आत घेतलं. प्रत्येकीनं दार लावून तेच विचारलं — “दीदी, वो पोस्ट मेरे बारे में थी न?”

नऊ जणी, नऊ वेगळी घरं. सदर बाजारचं त्यात एकही नाही.