चक्रीफुलाचं मागचं पोतं

अण्णा, मला नोकरी लागली ती तुम्ही गेल्यावर, त्यामुळे मी काय करते हे तुम्हाला माहीतच नाही. परदेशातून आलेले खाण्याचे पदार्थ देशात घ्यायचे की नाहीत, हे तपासायचं माझं काम. वाघोलीच्या पुढे कस्टमचं गोदाम आहे, तिथे कंटेनर उघडतात. मी आधी कागद बघते. माल कुठल्या देशात पिकला, रोग-कीड नसल्याचा तिथला दाखला, धुरी दिल्याचा दाखला, पोत्यांवरची लेबलं, मुदत किती उरली आहे. मग काही पोती निवडून नमुने काढते आणि सील करून प्रयोगशाळेत पाठवते. अहवाल ठीक आला की मी सही करते, तोवर कस्टम माल सोडत नाही. तुम्ही उभा जन्म मार्केट यार्डात दुसऱ्यांच्या पेढ्यांवर मसाले पारखलेत, तेही एकही कागद न वाचता.

मला आपल्या बिबवेवाडीच्या घरातली एक दुपार आठवते. माझी बारावीची परीक्षा संपली होती आणि मी पहिल्यांदाच पुलाव करत होते. तुम्ही यार्डातून आलात, हातांना अजून हळद. ओट्यावरच्या पाकिटातलं एक चक्रीफूल उचलून तुम्ही पाकळी मोडलीत. "वास घेतलास?" मी म्हणाले, "पाकिटावर छाप आहे, अण्णा." तुम्ही म्हणालात, "मग छाप शिजव." आणि अख्खं पातेलं कचऱ्यात रिकामं केलंत. खऱ्याला बडीशेपेचा वास येतो, याला वेलदोड्यासारखा येतोय. टोकं बघ, चोचीसारखी वळलीत. हे दुसऱ्याच झाडाचं फळ आहे, पोटात गेलं तर झटके येतात. एवढं सांगून तुम्ही दहीभात कालवून जेवायला बसलात. मी रागाने जेवले नाही. तेव्हा मला वाटलं, तुम्हाला माझा पुलाव नकोच होता.

मागच्या महिन्यात चक्रीफुलाचा एक कंटेनर आला. कागद इतके व्यवस्थित होते की बघून बरं वाटलं. दुपारचे बारा वाजले होते, पत्र्याखाली उकाडा मी म्हणत होता. कंटेनरमध्ये एक हमाल, दाराशी आयातदाराचा एजंट आणि मी. पुढच्या रांगेतली पोती मी निवडली, वास घेतला, उत्तम. एजंट म्हणाला, "मॅडम, सगळं क्लिअर आहे ना? मग पॅक करू." मी नमुन्यांच्या पिशव्यांना सील लावायला वाकले, तेवढ्यात आतून पोतं ओढल्याचा आवाज आला. हमाल अगदी मागच्या रांगेतलं एक पोतं घेऊन येत होता.

"हे कुणी सांगितलं?"

"तुमच्यासंगं आल्यालं काका हायत ना, ते म्हनाले. मागचं बघा म्हनाले."

"माझ्यासोबत कुणी नाही."

त्याने माझ्या खांद्यामागे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पोतं खाली ठेवलं. एजंट हसला नाही. मी पोत्याकडे पाहिलं. हमाल पोती आकड्याने फाडतात. या पोत्याची शिवण मात्र एका टोकाकडून अख्खी ओढून काढली होती आणि दोऱ्याची छोटी गुंडी करून वर ठेवली होती. दोरा वाया जाऊ नये म्हणून तुम्ही ठेवायचात, तशी. मी हात आत घातला. फुलं बारकी, टोकं वळलेली. बडीशेपेचा वास नावालाही नाही.

मी मागच्या रांगांमधले नमुने पुन्हा काढले. जाताना फाटकावरचं रजिस्टर बघितलं. त्या कंटेनरपाशी तिघांचीच नोंद होती. प्रयोगशाळेने आठवड्याने कळवलं, मागच्या पोत्यांत विषारी जातीची भेसळ आहे. मी माल नाकारला, तो परत गेला. आयातदार स्वतः भेटायला आले, वयस्कर, भला माणूस. तो माल तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवरच्या काढ्याच्या पाकिटांत जाणार होता. खुर्चीत बसून त्यांनी दाखल्यांची फाइल माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "मी कागदच बघितले हो." मीही तेवढंच बघून, पुढच्या चार पोत्यांच्या भरवशावर, निघाले होते.

अहवालात मी लिहिलंय की मागच्या रांगेतलं पोतं मी स्वतः निवडलं. दुसरं काय लिहिणार, अण्णा? पण तेही एक वेळ चालेल. तो हमाल अजून त्याच गोदामात आहे, मला दिसला की नमस्कार करतो. काका कसे दिसत होते, एवढं त्याला विचारायचं होतं. महिनाभरात चारदा समोर आला, आणि चारही वेळा मी फाइल उघडून खाली बघत राहिले. त्याने दुसऱ्याच कुणाचं वर्णन केलं असतं तर मला ते सहन झालं नसतं.