गायीच्या डावीकडे बसणारा माणूस

प्रिय ताई,

रविवारी संध्याकाळी फोनवर मी तुला सांगितलं, की मालिकेतला तो माणूस बाबा नाही. तू "बरं" म्हणालीस, मग थोड्या वेळाने "नक्की ना?" म्हणालीस, आणि मी नक्की म्हटलं. तेवढ्यावर आपण फोन ठेवला. मी तिथे तीन तास होते आणि तुला दोन मिनिटांत सांगून मोकळी झाले, हे बरोबर नाही. म्हणून काय काय पाहिलं ते क्रमाने लिहिते.

तू मला का पाठवलंस ते मला माहीत आहे. आई गेल्यावर तू स्वतःच शोधायला निघालीस आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून भलत्याच गावातल्या एका रखवालदाराच्या गळ्यात पडून रडलीस. बिचारा तोही रडला, आणि मग म्हणाला, "बाई, मी लग्नच केलेलं नाही." तेव्हापासून तू ताकही फुंकून पितेस. या खेपेला खात्री झाल्याशिवाय जायचं नाही असं तू ठरवलंस. "टीव्हीत बाप शोधणारी पहिलीच बाई," म्हणून भावोजींनी तुझी थट्टा केली, पण मला पाठवायचं त्यांनीच सुचवलं. "धाकटी काटे तपासते, तिला हुंदके येत नाहीत," असं म्हणाले. ते खरं आहे. वजनकाटे आणि दाबमापकं तपासायची, बरोबर असतील तर सही करायची, एवढंच मी रोज करते. शिवाय मला आठवणींचा अडथळा नव्हता. बाबा दुधाची गाडी घेऊन गेले ते परत आले नाहीत, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मी दहा महिन्यांची.

तू दिलेल्या चारही खुणा मी वहीत लिहून घेतल्या होत्या. डाव्या हाताची करंगळी अर्धी. सगळे उजवीकडे बसतात तिथे हा गायीच्या डावीकडे बसतो. काम झालं की हात मानेला मागून पुसतो. आणि सुरुवात करताना गायीला म्हणतो, "चला बाई, उरकून घेऊ."

मालिकेचं चित्रीकरण होतं ते ठिकाण पडद्यावर दिसतं त्याहून लहान आहे. दगडी गोठा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यात आजही तीस गायी आहेत. ओढ्यावरची पाणचक्की चालू आहे, तिचं पीठ अजून विकलं जातं. बाकी बरंचसं खोटं. नायिकेची खोली म्हणजे गवताच्या माळ्यावर उभ्या केलेल्या तीन भिंती. चौथ्या बाजूला गवताच्या पेंढ्या. भिंतीवरची वेल प्लॅस्टिकची आहे, कारण खरी लावली तर गायी खातात. चित्रीकरण कितीही रंगात आलेलं असो, चार वाजता थांबतं. धारेची वेळ कुणासाठी बदलत नाही. दिग्दर्शकाने एकदा अर्धा तास मागितला होता, तर गायींनी असा काही हंबरडा फोडला की नायकाचे संवाद वाहून गेले. हे आम्हाला माहिती सांगणाऱ्या बाईंनी सांगितलं. ठिकाण बघायच्या फेरीला आम्ही बाराजण होतो, छातीवर आकड्यांच्या चिकट्या लावलेले. मी सात नंबर. फोन दारातच एका पेटीत जमा करून घेतले, पुढच्या भागातलं काही बाहेर फुटू नये म्हणून. त्यामुळे फोटो नाही.

तू टीव्ही थांबवून जी चूक पकडलीस, ती तिथल्या फेरीतली ठरलेली गंमत आहे. नायकाला दहा बोटं आहेत आणि धार काढताना मात्र साडेनऊ होतात. बाईंनी विचारलं, कुणाच्या लक्षात आलंय का, आणि मी हात वर केला नाही. झालं होतं असं, की ती तांबडी गाय नायकाला जवळ उभं राहू देईना. तिला हाताने पिळणारा एकच माणूस, तिथला गोठेवाला. शेवटी त्यालाच नायकाचा सदरा चढवला आणि फक्त हात दाखवायचे ठरवले. रंगभूषावाल्याने रबराची अर्धी करंगळी करून चिकटवली, ती पहिल्याच धारेला बादलीत पडली. दिग्दर्शक म्हणाला, "राहू द्या, लोक दूध बघतात, बोटं कोण मोजतंय." मी नाव विचारलं, तर बाई म्हणाल्या, इथे सगळे त्यांना काकाच म्हणतात.

बरोबर चार वाजता तो आत आला. पांढरे केस, बारीक चण, एक खांदा थोडा उतरलेला. आमच्याकडे न बघता त्याने स्टूल उचललं आणि गायीच्या डावीकडे ठेवलं. "चला बाई, उरकून घेऊ," म्हणाला. करंगळी मी जवळून पाहिली, दुसऱ्या पेराशी संपते. मागच्या ओळीत बाकीच्या गायींना यंत्र लावलं होतं आणि त्याच्या दाबमापकाचा काटा थरथरत होता. मी काही वेळ त्या काट्याकडेच बघत उभी राहिले. मला काहीच वाटत नव्हतं. अमुक वाटायला हवं, असंही वाटलं नाही.

मग ज्यांना हौस आहे त्यांनी एकेकाने बसायचं होतं. सहा नंबरचे गृहस्थ घाबरून उठले. मी बसले. त्याने माझं मनगट धरून हात नीट लावून दिला. "अंगठा आत नको. आणि ओढू नका, दाबा. गाय आहे, देवळातली घंटा नाही." सगळे हसले. तिसऱ्या दाबाला धार आली. तो म्हणाला, "हात हलका आहे. हे शिकवून येत नाही." मग त्याने आपले हात मानेला मागून पुसले.

चारांपैकी चार, ताई.

फोनवर मी खोटं बोलले. ते बाबाच आहेत. असं का केलं, ते आता सांगते. बाकीचे पाणचक्कीकडे निघाले होते. मी स्टूल परत देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, मुलंबाळं?" ते म्हणाले, "एक मुलगी आहे. पुढच्या महिन्यात छत्तीस पूर्ण होतील तिला. शाळेत पहिली यायची. आता मोठ्या हुद्द्यावर असेल, हाताखाली माणसं असतील." मी विचारलं, "आणखी कुणी?" "नाही," म्हणाले, "एकच." मी नीट लक्ष देऊन ऐकत होते. कुठे अडखळणं, थांबणं, नजर वळवणं, काही नव्हतं. ते बादली घेऊन निघून गेले. मी वर्षं मोजण्यात चुकत नाही; छत्तीस तुला होतात, मला नाही. दहा महिन्यांचं मूल रांगत असतं, रात्री रडतं, नजरेआड होईल इतकं लहान नसतं. बसथांब्यावर मी अर्धा तास बसले होते, तेव्हाही काही वाटलं नाही. संध्याकाळी तू विचारलंस, "आपले बाबाच का गं?" आणि त्या "आपले" शब्दाला माझ्या तोंडून "नाही" आलं. माझ्यापुरतं ते उत्तर बरोबर होतं. तुझ्यापुरतं चूक होतं.

आज दुपारी एका काट्यावर सही करताना लक्षात आलं, की तुला दिलेला निकाल मी असाच सोडू शकत नाही. विचारणारी तू होतीस आणि तपासणी तुझ्यासाठी होती. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. सोमवारी बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी चारच्या आधी पोच. तुला वय सांगावं लागणार नाही. मी येणार नाही, आग्रह करू नकोस. तिथे माझा विषय काढू नकोस, त्यांना आठवण करून देऊ नकोस. त्यांनी आपणहून विचारलं, तरच मला कळव. आणि नाही विचारलं, तर माझं मन राखायला "विचारलं होतं" असं सांगू नकोस. तुझं खोटं मला फोनवरसुद्धा ओळखू येतं.

तुझीच,
धाकटी