काकांच्या क्लॅरिनेटखालचा ड्रम

अण्णा,

गेले आठ दिवस मी ड्रम निवडण्यात घालवले. घरात ड्रम येणार नाहीये. आमच्या भुकूमच्या फ्लॅटमध्ये तो मावणार नाही, आणि मावला तरी खालच्या मजल्यावरचे लोक दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसतील. मी निवडत होते ते सॉफ्टवेअर. म्हणजे परदेशात कुठेतरी एक माणूस मोठ्या हॉलमध्ये खराखुरा ड्रमसेट मांडून बसला, त्याने एकेक ड्रम हळू, जरा जोरात, आणखी जोरात असा कितीतरी वेळा वाजवला, आणि प्रत्येक ठोका जवळच्या, वरच्या, लांबच्या माइकवर टिपून ठेवला. ते सगळे ठोके आता माझ्या लॅपटॉपमध्ये उतरतात. समोरच्या रबरी पॅडवर मी बोट मारलं की त्या माणसाचा ठोका वाजतो. हळू मारलं तर हळू मारलेला, जोरात मारलं तर जोरात मारलेला. तुम्हाला हे सांगताना थोडं अवघडल्यासारखं होतंय, कारण बँडमधली तुमची जागा ज्या मशीनने घेतली त्याचंच हे नातवंड आहे.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणून आधी माझं सांगते. मी घरी बसून संगीत करते. शाळांच्या स्नेहसंमेलनाची गाणी, मुळशीच्या रिसॉर्टवाल्यांच्या व्हिडिओंना मागे वाजणारं काहीतरी. धरणाचं पाणी, भातखाचरं, न्याहारीचं टेबल, आणि त्याखाली माझी बासरी, तीही कॉम्प्युटरमधलीच. ड्रमसाठी आजवर फुकट मिळालेलं एक जुनं सॉफ्टवेअर पुरत होतं. पुरलं नाही ते गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, आपल्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्या काकांचा फोन आला तेव्हा. काका आता पंचाहत्तरीला आलेत. आवाज तोच, भांडायला आल्यासारखा.

"पोरी, तू घरी गाणी काडतीस न्हवं? माजी पाठवणी काडून दे. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी दात काडायचेत."

पुढचे सगळे दात हलतायत त्यांचे. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकतं आणि खालच्या ओठाला आतून दातांचा आधार लागतो. कवळी बसवून वाजवणारे असतात म्हणे, पण काका म्हणाले, या वयात पुन्हा सा पासून सुरुवात करायला त्यांना वेळ नाही. पाठवणीची ती चाल त्यांची स्वतःची, तुम्हाला माहीतच आहे. नवरी मांडवातून निघाली की बँड तीच वाजवायचा. ती कधी कुणी टिपून ठेवली नाही आणि काकांनी ती कुणाला शिकवली नाही. सोमवारच्या आत झाली तर झाली.

मी म्हटलं, "काका, नुसतं क्लॅरिनेट रेकॉर्ड करू. तेच छान वाटेल."

"नुसतं? मयताला वाजवायचंय का? खाली डरम पायजे."

म्हणून ही निवड. तीन सॉफ्टवेअर दहा-दहा दिवस फुकट वापरून बघायला मिळाली. पहिलं एवढं मोठं की रात्रभर उतरवूनही सकाळी अर्धंच आलेलं होतं. दुसऱ्यात इतके ड्रम, इतक्या झांजा, इतके हॉल, की एक ठोका ऐकायच्या आधी मला बारा प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. तिसरं साधं. एकच ड्रमसेट, एकच छोटी खोली. पण त्यात एक गंमत होती. बेस ड्रम वाजला की शेजारच्या ड्रमच्या तळाशी ताणलेल्या तारा बारीक किणकिणतात, आठवतं? मांडव ठेंगणा असला की ती किणकिण बंद करायला तुम्ही खिशातला रुमाल ड्रमवर टाकायचात. या लोकांनी ती किणकिणही मुद्दाम टिपून ठेवली आहे, आणि ती कमी करायला ड्रमवर फडकं टाकायची सोयसुद्धा दिली आहे. पडद्यावर खरोखर फडक्याचं चित्र आहे. मी ते टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं. त्या दिवशी दुसरं काम झालं नाही.

गुरुवारी काका रिक्षाने आले. क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन पलंगावर बसले, आणि मी त्यांना तिन्ही ड्रम ऐकवले, कुठला कुठला ते न सांगता. पहिला वाजला तसे दचकले. "एवड्या जोरात? लगीन हाय का दंगल?" दुसऱ्याला बराच वेळ मान हलवली आणि म्हणाले, "ह्यो पोटभर जेवून बसलाय. ह्येला उटायचं न्हाई." तिसऱ्याला पेटीवर बोटांनी ठेका धरला. मग म्हणाले, "ह्यो बरा हाय. गरीब हाय." मला वाटलं, झालं काम. मी त्या तिसऱ्यातला एक तयार ठेका पाठवणीच्या लयीत लावला, माइक सुरू केला आणि त्यांना वाजवायला सांगितलं.

पहिली ओळ छान गेली. दुसरीच्या शेवटी काकांनी श्वास घेतला आणि तेवढ्यात ठेका पुढे निघून गेला होता. त्यांनी धावत गाठायचा प्रयत्न केला, तिसऱ्या ओळीत अडकले आणि क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "ह्ये थांबत का न्हाई? गाडी चुकणार हाय का ह्येची?" मी लय कमी केली. मग ओळी इतक्या लांबल्या की श्वास आणखीच पुरेना. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक खुंटी आहे, ती फिरवली की ठोके जरासे पुढेमागे पडतात, माणसाच्या हातून पडावेत तसे. ती फिरवून पाहिली. काका म्हणाले, "आता पिऊन आलाय." चार वेळा प्रयत्न करून ते दमले. ओठाला आतून दात टोचत होता. चहा घेतला आणि गेले. जाताना म्हणाले, "न्हाई जमलं तर न्हाई. तू जिवाला लावून घेऊ नको." हे असं मऊ बोलणं त्यांचं मी कधी ऐकलेलं नव्हतं, त्याचीच मला भीती वाटली.

ते गेल्यावर मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी चौदा वर्षांची आहे. बँडच्या मालकांनी ते रिदम मशीन आणून आपल्या पाटावर ठेवलंय आणि आई चुलीपुढून त्याच्याकडे साप बघावा तशी बघतेय. मालक म्हणतात, "ह्येला तंबाखू लागत न्हाई, ह्येचा हात दुखत न्हाई. फकस्त बटनं इंग्रजीत हायेत. पोरगीला येतंय न्हवं इंग्रजी?" आई म्हणते, "पोरगी मांडवात बसणार? न्हाई जमायचं." तुम्ही मशीनला कान लावून एक ठेका पुरता ऐकता आणि म्हणता, "ताल सरळ हाय त्येचा. माज्यापेक्षा सरळ हाय." आणि मग आईला, "मी असतो की तितं." तुम्ही होतातच. मालकांनी तुमचा ड्रमसेट विकला, तुमच्या हातात खुळखुळा दिला आणि स्पीकरचे स्टँड उचलायचं काम दिलं. संध्याकाळी तुम्ही मला त्याच पाटावर बसवून शिकवायचात, कुठल्या गाण्याला कुठला ठेका, कुठे बदलायचा. ते मशीन वाजवायला मला तुम्हीच शिकवलंत, हे मी आजवर फार कमी जणांना सांगितलं आहे.

आणि दुसऱ्या वर्षीचं लवळ्याचं ते लग्न. पाठवणी सुरू झाली, नवरीची गाडी लागली होती, सगळ्यांची घाई चाललेली म्हणून मी लय जरा वाढवून ठेवली. काकांचा तिसऱ्या ओळीला श्वास तुटला आणि क्लॅरिनेट चिरकलं. पोरं हसली. नवरीची आई रडता रडता थांबून आमच्याकडे बघायला लागली. काका क्लॅरिनेट पुसत बसले. तुम्ही बोललात, नंतर, वायर गुंडाळता गुंडाळता. "मशीनकडं काय बगत बसतीस? ते कुटं जातंय? त्येच्या छातीकडं बग."

मी म्हटलं, "अण्णा, मशीन थांबत नाही."

"मंग तू थांबव."

तेव्हा कुठे मला कळलं, तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात. ओळ संपली की तुम्ही ड्रमवर एक बारीकसा तुकडा वाजवायचात. ऐकणाऱ्याला वाटायचं सजावट आहे. ती सजावट नव्हती. तेवढ्यात काका श्वास घेत होते. त्यांची छाती भरलेली दिसली की मगच तुम्ही पुढचा ठोका द्यायचात, कधी लवकर, कधी उशिरा. नंतर मी ओळीओळीला मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला शिकले. मालक लांबून ओरडायचे, "बंद पडलं का गं?" आणि तुम्ही खुळखुळ्याने मधली जागा भरायचात.

शुक्रवारी मी तिसरं सॉफ्टवेअर घेऊन टाकलं आणि त्यातले तयार ठेके सगळे बंद केले. आवाज तेवढे ठेवले. काका वाजवतील तेव्हा समोर बसून मीच पॅडवर बोटांनी वाजवायचं ठरवलं. दिवसभर एकटीच बसून सराव केला. त्यात एक अडचण अशी की समोर छाती नव्हती. शेवटी स्वतःच श्वास घेत घेत चाल गुणगुणले आणि वाजवलं. बोटं दुखली. ड्रमवरून कांडी उसळते तसं रबरी पॅडवरून बोट उसळत नाही.

काल शनिवारी सकाळी काका आले. खोलीतला आवाज घुमू नये म्हणून मी कपाटांची दारं उघडून त्यांवर गोधड्या टाकल्या होत्या. काका बघून म्हणाले, "बाळंतिणीची खोली केलीस." आम्ही समोरासमोर बसलो. माझ्या एका कानात हेडफोन, एक कान मोकळा. पहिल्या वेळी दुसरी ओळ आणि शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी एकदमच आली. काका हसले, म्हणाले, "सुरात हाय, ऱ्हाऊ दे." दुसऱ्या वेळी त्यांचा ओठ घसरला. तिसऱ्या वेळी मी पडद्याकडे पाहायचंच बंद केलं. त्यांच्या सदऱ्याचं दुसरं बटण अर्धं तुटलंय, तिथे नजर ठेवली. ते बटण वर आलं की ठोका, खाली गेलं की तुकडा. पाठवणी पहिल्यापासून शेवटपर्यंत गेली. शेवटच्या सुरावर त्यांनी डोळे मिटले नाहीत की काही नाही, नुसतं क्लॅरिनेट खाली केलं आणि म्हणाले, "पाणी दे."

मग ऐकलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले. "चवथ्या वळीला तू आदी आलीस."

खरंच आले होते, केसभर. मी म्हटलं, "राहू दे ना काका. माणसाने वाजवल्यासारखं वाटतं."

"माणसानं चुकल्यासारखं वाटतं. सरकव त्येला. मशीन घेतलंय कशाला मग?"

मी तो एक ठोका माउसने धरून जरासा मागे सरकवला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. काकांनी चौथी ओळ पुन्हा ऐकली, मान डोलावली, क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून फडक्याने पुसले आणि पेटी बंद केली. "उद्या मटन खाऊन घेतो," म्हणाले. "सोमवारपासनं मऊ भात."

आज दुपारी मी ती पाठवणी त्यांच्या सुनेच्या फोनवर पाठवून दिली. हे लिहिलेलंही काकांना द्यावं असं मनात आलं होतं. पण त्यांना चष्म्यानेही वाचवत नाही, ते कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावतील, आणि पुढचं मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. म्हणून हे लॅपटॉपमध्येच राहील.

मशीनवरच्या माझ्या पहिल्या लग्नाला निघालो तेव्हा मालक म्हणाले, "मशीनवाल्या बाईंना पुडं बसवा," आणि मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले, ते मशीन मांडीवर घेऊन. ती तुमची जागा होती. तुम्ही मागे गेलात, स्पीकर आणि स्टँडच्या मध्ये, उकिडवे. त्या दिवसाबद्दल कुणी विचारलं की मी सांगते, मला फार वाईट वाटलं होतं. वाटलं नव्हतं, अण्णा. खिडकीतून वारा येत होता, अंगात नवा फ्रॉक होता, आणि मागे बघायला काच होती, पण सबंध रस्ताभर मला मागे बघावंसं वाटलं नाही.