घंटा मी वाजवली होती

बाईसाहेब,

दूध तापवून ठेवलंय. साखरेच्या डब्यात रबरी झुरळ नाही, बिनधास्त उघड. आणि ही चिठ्ठीसुद्धा चेष्टा नाही.

कारखान्यात जेवणाची घंटा अर्धा तास आधी वाजली आणि मॅनेजरसकट सगळे डबे घेऊन बाहेर पडले, हे मी सांगितलं तेव्हा तू हसून हसून खाली बसलीस. ती घंटा मी वाजवली होती. घंटेचं काम वॉचमनकाकांकडे, म्हणून त्यापायी त्यांना घरी बसवलंय. यातलं काहीच मी तुला सांगितलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये उपदेश करताना पाळकसाहेब म्हणाले, "काही जण आधी स्वतःच ठरवतात आणि मग देवाकडे नुसती सही मागतात," आणि नेमकं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तूच त्यांच्याकडे चुगली केलीस. चार दिवस तुझ्यावर पाळत ठेवून होतो. तू फोनवर हळू बोललीस की कान टवकारायचो. मग डोक्यात आलं, तुला तर काही माहीतच नव्हतं! आता सगळा संशय वर आभाळातल्या मालकावर आहे.

रोज सकाळी प्रार्थनेत त्याला सांगत होतो, "काकांना दुसरीकडे काम दे, मला यात ओढू नकोस." तो काही ऐकेना. म्हणून आज लवकर निघालोय, मॅनेजरला खरं सांगायला. बहुतेक उद्यापासून मीही घरीच.

माझ्यासाठी प्रार्थना कर. नोकरी टिकू दे, असं खुशाल माग. पण शेवटचं "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" मोठ्याने म्हण. मी ते रोज पुटपुटून उरकतो.

तुझा नग