चाळीच्या पाण्याची चावी

१ एप्रिल १९४६, सोमवार
स. साडेपाचला चाळीच्या पाण्याची चावी उघडली, साडेसहाला बंद. टेकडीवरच्या बंगल्यांची दिवसभर चालू. तिथं घोडे धुतात, हिरवळीवर पाणी मारतात. चाळीत नळ दोन. माझी भैन हौसा तिथंच ऱ्हाते, सातवा महिना. रांगेतनं वरडली, "दादा, चावी तुज्याच हातात हाय न्हवं? मग घाई कशाची रं?" बाया हसल्या. मीबी.

४ एप्रिल
म्हसवडासनं आईचं पत्र, मास्तरानं लिवलेलं. आड आटला. पयलं बाळंतपण म्हायेरी, पण पाण्याबिगर कसं? म्हणून तीच येते. गावभर सांगते, माझा ल्योक मुंबईला पाणी पाजतो.

९ एप्रिल
मुकादम म्हणला, "उद्या वर बंगल्यात लगीन हाय. कारंजं उडाया पायजे. चाळीची चावी सहालाच बंद."
"आवं, अर्ध्या तासात काय भरतील?"
"तुज्या जागंला धाजण उभे हाईत."
हौसाला सांगायचं ऱ्हायलं. न्हाई, सांगितलंच न्हाई.

१० एप्रिल
सहाला फिरवली. मान वर केली न्हाई. आधी वरडा, मग भांड्यांचा आवाज. धार बारीक झाली तशा मागच्या पुढं घुसल्या. हौसा खाली, तिच्यावर बाया.
दवाखान्यात नेली. पोर गेलं. मुलगा व्हता.
दुपारी वर जाऊन बघितलं. कारंजं उडत व्हतं. पावणे लांब उभे, कापडं भिजतील म्हणून.

१२ एप्रिल
हौसा बोलली. "दादा, घड्याळ पुढं व्हतं का रं तुजं?"
व्हय म्हणलो.
ल्हानपणी आडावर, मेंढरू पीत असताना मी त्याच्या म्होरची पाण्याची डोण वढली, तवा बानं थोबाडीत दिलेली. वैऱ्याच्या जनावराचंबी तोंड पाण्यात असलं तर डोणीला हात लावायचा न्हाई, म्हणला. आज लय आठवलं. बा असता तर

१४ एप्रिल, रविवार
आई उद्या पहाटं येते. पोराचं कळवलेलं न्हाई. तिचा निरोप, आधी चावीवर ने, ल्योक पाणी सोडताना बघायचा हाय.
मुकादम येऊन गेला. वर पूजा. उद्याबी सहालाच.
चावी फिरवायची लोखंडी दांडी भिंतीला टेकवून ठेवलीय. घड्याळ टेसनाच्या घड्याळाशी मिळवून आलो. बरोबर हाय. दोनदा बघितलं.